सेटिंगची नोंद कशी लिहावी : ‘सांगली’ व ‘सातारा’ या दोन नावांच्या निमित्ताने

१. विषयप्रवेश

बोलींच्या अभ्यासासाठी गोळा केलेली सामग्री पूर्वी वह्यांत आणि शब्दपत्रिकांच्या पेट्यांत राहत असे. आज ती संगणकावरील फाइलींत राहते. वहीतील खाडाखोड डोळ्यांना दिसते, फाइलीतील दिसत नाही. म्हणून कोणी, केव्हा आणि कोणता बदल केला याची नोंद ठेवणारी एखादी व्यवस्था असणे संशोधनाच्या प्रामाण्यासाठी आवश्यक ठरते. अशा व्यवस्थेस ‘आवृत्ती-नियंत्रण’ म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी रचलेली ‘गिट’ ही या प्रकारची आज सर्वाधिक प्रचारात असलेली व्यवस्था होय. ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी निर्माण झाली असली, तरी जेथे मजकूर आहे आणि तो बदलत जातो तेथे ती उपयोगी पडते. शब्दसंग्रह, लिप्यंतरे आणि कोश यांच्या कामात तर ती विशेष उपकारक आहे.

गिटचे वर्तन अनेक सेटिंगांनी ठरते. प्रत्येक सेटिंगला एक नाव असते, त्याला एक मूल्य देता येते, आणि आपण काहीच मूल्य दिले नाही तर त्याचे मूळचे मूल्य लागू होते. या सर्व सेटिंगांची माहिती गिटच्या मार्गदर्शिकेत नोंदींच्या रूपाने दिलेली आहे. या नोंदी बहुधा खऱ्या असतात. पण खरी नोंद ही स्पष्ट नोंद असतेच असे नाही. नोंदीतील अस्पष्टता हा संगणकशास्त्राचा नव्हे, तर भाषेचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आपल्या विभागाच्या कक्षेत येतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी दोन सेटिंग्ज निवडली आहेत. एकाची गाठ ‘सांगली’ या नावाच्या शेवटच्या वेलांटीशी पडते, तर दुसऱ्याची ‘साताऱ्या’तील ‘ऱ’शी.

२. एक प्रसंग

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील बोलींचे शब्दनमुने आमचे काही विद्यार्थी गोळा करीत होते. माण-खटावचा माळ, कृष्णाकाठ आणि कर्नाटकाच्या सीमेवरील जत तालुका येथील उच्चार एकमेकांशेजारी ठेवून पाहावे, एवढाच मर्यादित हेतू होता. प्रत्येक शब्दाची एक फाइल आणि फाइलीचे नाव म्हणजे तोच शब्द, अशी साधी पद्धत ठरली. ‘सांगली’ व ‘सातारा’ हे दोन फोल्डर झाले. त्यांत ‘माळ’, ‘माल’, ‘काळ’, ‘काल’, ‘वेळ’, ‘वेल’ अशा फाइली जमू लागल्या. मूर्धन्य ‘ळ’ आणि दंत्य ‘ल’ यांचा भेद तपासावयाचा असल्याने अशा जोड्या मुद्दामच घेतल्या होत्या.

एका विद्यार्थिनीने आपले काम गिटमध्ये नोंदविले. पुढे काही फाइलींत दुरुस्त्या करून तिने कामाची स्थिती विचारली, तेव्हा पडद्यावर एकही मराठी अक्षर उमटले नाही. प्रत्येक नावाच्या जागी अवतरणचिन्हांत तिरप्या रेघा आणि आकडे यांची लांबच लांब ओळ होती. फाइली बिघडल्या, असा तिचा समज झाला. तिने मार्गदर्शिकेतील संबंधित नोंद वाचली. त्या नोंदीने तिला असे सांगितले की, नावात ‘असामान्य’ अक्षरे असल्यास ती सांकेतिक रूपात दाखविली जातात. ‘माळ’ या शब्दात असामान्य काय आहे, हे तिला कळले नाही. पण व्यवस्थेला मराठी नावे मानवत नाहीत असा अर्थ तिने घेतला आणि सर्व फाइलींची नावे रोमन अक्षरांत बदलली.

‘माळ’ आणि ‘माल’ या दोहोंचे रोमन रूप तिने एकच केले. दुसरी फाइल पहिलीच्या जागी बसली आणि पहिली नाहीशी झाली. ‘काळ–काल’ व ‘वेळ–वेल’ या जोड्यांचेही तेच झाले. ज्या भेदासाठी सारा खटाटोप चालला होता, नेमका तोच भेद पुसला गेला. सुदैवाने आधीची स्थिती नोंदविलेली असल्यामुळे हरवलेल्या फाइली परत मिळविता आल्या. ती नोंद झाली नसती, तर त्याच आजींकडे पुन्हा जाऊन तेच शब्द त्याच ओघात मिळविणे शक्य झाले नसते.

येथे यंत्र चुकले नव्हते आणि विद्यार्थिनीने निष्काळजीपणा केला असेही म्हणता येणार नाही. तिने नोंद वाचली होती. चुकीचा निष्कर्ष तिला त्या वाचनातूनच मिळाला.

३. पडद्यावर काय घडते

संगणक अक्षरे साठवीत नाही, संख्या साठवितो. ० ते २५५ या मर्यादेतील एका संख्येस एक बाइट म्हणतात. जुन्या ‘आस्की’ संकेतात रोमन अक्षरे, अंक आणि काही चिन्हे एवढीच ० ते १२७ या संख्यांनी दर्शविली जातात. युनिकोडचा आज रूढ असलेला यूटीएफ-८ हा लेखनप्रकार आस्कीची अक्षरे एका बाइटातच ठेवतो. मात्र देवनागरीच्या प्रत्येक चिन्हासाठी तीन बाइट घेतो, आणि हे तिन्ही बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात.

‘सांगली’ या नावात स, काना, अनुस्वार, ग, ल आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत. म्हणजे एकूण अठरा बाइट झाले. गिट त्यांतील प्रत्येक बाइट तिरपी रेघ आणि अष्टमान पद्धतीचे तीन अंक अशा रूपात छापते. पहिला ‘स’ \३४०\२४४\२७० असा दिसतो. (पडद्यावर हे अंक रोमन असतात, येथे देवनागरीत दिले आहेत.) अशा प्रकारे सहा चिन्हांचे हे नाव पडद्यावर अवतरणचिन्हे धरून चौऱ्याहत्तर चिन्हांचे होते. फाइलीचे नाव मात्र जसेच्या तसे असते. बदल केवळ छापण्यात होतो, आणि तो ‘कोअर.कोटपाथ’ या सेटिंगने नियंत्रित होतो. हे सेटिंग २००७ साली गिटमध्ये आले. त्याचे मूळ मूल्य ‘ट्रू’ आहे. ते ‘फॉल्स’ केले की मराठी नावे मराठीत दिसू लागतात.

म्हणजे उपाय एका ओळीचा होता. ती ओळ वाचकापर्यंत का पोहोचली नाही, हा आपला प्रश्न आहे.

४. जुन्या नोंदीचे परीक्षण

या नोंदीचा २०१७ पूर्वीचा पाठ पाहिला, तर त्यात तीन दोष आढळतात. प्रत्येकाचे स्वरूप वेगळे आहे.

पहिला दोष वाक्यरचनेचा. नावे छापणाऱ्या कमांडींना ‘झेड’ हा पर्याय दिलेला नसेल तर त्या काय करतात, अशी सुरुवात करून नोंदीने मुख्य विधानाच्या पोटातच एक नकारार्थी अट घातली होती. ‘झेड’ म्हणजे काय हे ठाऊक नसलेला वाचक कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्येच अडखळतो. जी गोष्ट बहुतेकांना लागू नाही ती वाक्याच्या आरंभी आली, आणि जी सर्वांना लागू आहे ती मागे पडली.

दुसरा दोष शब्दार्थाचा. सेटिंगच्या नावातील ‘कोट’ या क्रियापदाचे येथे दोन अर्थ संभवतात : नाव अवतरणचिन्हांत घालणे हा एक, आणि नावातील अक्षरांना सांकेतिक रूप देणे हा दुसरा. जुन्या पाठात दोन्ही क्रियांसाठी हा एकच शब्द होता आणि सांकेतिक रूप कसे असते हे ‘सी भाषेतील प्रोग्रामांप्रमाणे’ एवढ्यावर सोडून दिले होते. ज्याला सी येते त्याला हे स्पष्टीकरण नको असते, आणि ज्याला येत नाही त्याला ते उपयोगी पडत नाही.

तिसरा दोष व्यवहारार्थाचा असून तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘असामान्य’ हे विशेषण निरपेक्ष नाही. ‘इकडे’, ‘पलीकडे’, ‘परवा’ या शब्दांप्रमाणे त्याचा अर्थ वक्त्याच्या स्थानावरून ठरतो. ज्याची सर्व नावे आस्कीत असतात त्याच्या दृष्टीने देवनागरी असामान्य. जतच्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने देवनागरी हीच सामान्य. नोंद लिहिणाऱ्याने स्वतःच्या स्थानावरून शब्द वापरला आणि वाचकाने तो आपल्या स्थानावरून वाचला. ‘माळ’ या शब्दाला असामान्य म्हटलेले पाहून वाचकाला आपलेच काही चुकले असे वाटणे अपरिहार्य होते.

याखेरीज मूळ मूल्य कोणते हे त्या पाठात सरळ सांगितलेले नव्हते. आपण काहीही केले नाही तर काय होईल, हे न सांगता ‘फॉल्स’ केल्यास काय होईल एवढेच सांगणे म्हणजे उत्सर्ग न सांगता अपवाद सांगणे होय.

५. २०१७ चे पुनर्लेखन आणि उरलेली अव्याप्ती

२०१७ साली ही नोंद नव्याने लिहिली गेली. त्या बदलाने प्रोग्रामच्या वर्तनाला हात लावला नाही. बदलली ती केवळ नोंदीची भाषा. ‘झेड’विषयीची अट मुख्य वाक्यातून काढून अखेरीस स्वतंत्र वाक्यात ठेवली गेली. अवतरणचिन्हांत घालणे आणि सांकेतिक रूप देणे या दोन क्रियांना दोन निराळी क्रियापदे मिळाली. टॅब, नवी ओळ आणि तिरपी रेघ यांची उदाहरणे आली. आस्कीबाहेरच्या अक्षराचे उदाहरण म्हणून ‘मायक्रो’ या चिन्हाचे अष्टमान रूपही दिले गेले. साधी रिकामी जागा असामान्य समजली जात नाही हे नमूद झाले, आणि शेवटी मूळ मूल्य सांगितले गेले. वर दाखविलेल्या दोषांपैकी पहिला पूर्णपणे आणि दुसरा बऱ्याच अंशी दूर झाला. ‘असामान्य’ हा शब्द मात्र अवतरणचिन्हांत का होईना, राहिलाच.

या पुनर्लेखनात आणखी एक सूक्ष्म त्रुटी राहिली, आणि येथे ‘सांगली’ हे नाव उपयोगी पडते. कोणते बाइट सांकेतिक रूपात जातात हे सांगताना नोंद ‘१२८ पेक्षा मोठे’ या अर्थाचे शब्द वापरते. प्रोग्रामचे प्रत्यक्ष वर्तन मात्र ‘१२८ आणि त्याहून मोठे’ असे आहे. एका संख्येचा हा फरक कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु दीर्घ वेलांटीचे यूटीएफ-८ रूप २२४, १६५, १२८ असे तीन बाइटांचे आहे. तिचा शेवटचा बाइट नेमका १२८ आहे. म्हणजे नोंदीचा शब्दशः अर्थ घेतला, तर ‘सांगली’ या नावाचे सतरा बाइट नियमात येतात आणि अठरावा नियमाबाहेर राहतो. ‘बोली’, ‘आजी’, ‘मराठी’ अशा दीर्घ वेलांटीने संपणाऱ्या प्रत्येक शब्दाची हीच स्थिती होईल. प्रत्यक्षात तो अठरावा बाइटही \२०० असा छापला जातो.

न्यायशास्त्रात लक्षणाचे जे तीन दोष सांगितले आहेत त्यांपैकी हा अव्याप्तीचा दोष होय : लक्ष्याचा एक भाग लक्षणाच्या कक्षेबाहेर राहतो. उदाहरण म्हणून ‘मायक्रो’ चिन्ह घेतल्यामुळे हा दोष नजरेत भरत नाही, कारण त्या चिन्हाचे दोन्ही बाइट १२८ हून मोठे आहेत. सीमेवरचे उदाहरण घेतले असते तर तो लगेच दिसला असता. नियमाच्या मध्यभागी बसणारे उदाहरण नियम समजावून देते, तर काठावरचे उदाहरण नियमाची परीक्षा घेते. चांगल्या नोंदीत दोन्ही असावीत.

६. सूत्र आणि नोंद

येथे कोणी असा आक्षेप घेईल की नोंदी संक्षिप्त असणे इष्टच आहे, आणि आपली शास्त्रपरंपरा तर संक्षेपासाठी प्रसिद्ध आहे. पाणिनीची अष्टाध्यायी सुमारे चार हजार सूत्रांत एक भाषा बांधते. तिच्यातील तत्त्वे गिटच्या सेटिंगांनाही लागू पडतात, हे मान्य केले पाहिजे. एकच सेटिंग संपूर्ण यंत्रासाठी, एका वापरकर्त्यासाठी किंवा एका प्रकल्पासाठी देता येते. गिट ती मूल्ये याच क्रमाने वाचते आणि विरोध आल्यास शेवटी वाचलेले मूल्य ग्राह्य धरते. तुल्यबळ नियमांच्या विरोधात पुढचा नियम प्रबळ मानण्याची पाणिनीय व्यवस्था ज्याला ठाऊक आहे, त्याला हे समजावयास वेळ लागत नाही.

परंतु सूत्राचा वाचक आणि नोंदीचा वाचक यांत मूलभूत अंतर आहे. सूत्रे आरंभापासून क्रमाने शिकली जातात. मागच्या सूत्रातील पद अनुवृत्तीने पुढच्या सूत्रात येते, परिभाषा आधी सांगितलेली असते, आणि वृत्ती, भाष्य व गुरू साहाय्यास असतात. मार्गदर्शिकेचा वाचक मात्र अडचण आल्यावर येतो, शेकडो नोंदींपैकी एकच उघडतो आणि ती एकट्यानेच वाचतो. त्याच्यापाशी अनुवृत्ती नाही. वरच्या नोंदीत काय सांगितले आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि ते त्याने वाचावे अशी अपेक्षाही करता येत नाही. म्हणून प्रत्येक नोंद स्वयंपूर्ण असणे हा येथे संक्षेपापेक्षा मोठा गुण ठरतो.

७. साताऱ्याचा ‘ऱ’

दुसरे सेटिंग ‘कोअर.प्रीकम्पोजयुनिकोड’ हे असून ते २०१२ साली आले. ‘सातारा’ या नावास विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप ‘साताऱ्या-’ असे होते, आणि त्यात मराठीचा विशेष असा ‘ऱ’ येतो. युनिकोडमध्ये हा ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो : एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. युनिकोडच्या मते ही दोन्ही लेखने समान आहेत. त्यांचे बाइट मात्र भिन्न आहेत. पहिल्यास तीन बाइट लागतात, दुसऱ्यास सहा. मॅक यंत्रांवरील जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावांतील संयुक्त चिन्हांचे विघटन करून ठेवीत असे. गिट नावांची तुलना बाइटांनी करते. त्यामुळे ‘साताऱ्याची बोली’ नावाची फाइल एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गेली, की गिटला ती दोन निरनिराळ्या नावांची भासावी, एक नाहीशी झाली आणि एक नवी आली असे दिसावे, आणि वाचकाला मात्र दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसावीत, असा प्रसंग उद्भवतो.

या सेटिंगची नोंद यंत्रणा सांगते. मॅकने केलेले विघटन हे सेटिंग उलट फिरविते, आणि मॅक व अन्य यंत्रे यांच्यात सामग्रीची देवघेव होत असता ते उपयोगी पडते, असे तीत म्हटले आहे. हे सर्व खरे आहे. पण लक्षण, म्हणजे वाचकाला काय दिसेल, ते नोंदीत नाही. ज्याला ‘विघटन’ हा शब्द आधीच ठाऊक आहे त्यालाच ही नोंद सापडेल. ज्याच्या पडद्यावर एकाच नावाच्या दोन फाइली दिसत आहेत त्याला सापडणार नाही. पुढे ‘फॉल्स’ या मूल्यावर गिट नावांना ‘पारदर्शक’पणे हाताळते, असेही नोंद सांगते. व्यवहारात पारदर्शक म्हणजे जे स्पष्ट दिसते ते. या शास्त्रात पारदर्शक म्हणजे जे मध्ये ढवळाढवळ करीत नाही ते. ‘नावे जशी आली तशीच ठेवली जातात’ असे लिहिले असते तर दोन्ही प्रकारच्या वाचकांस एकच अर्थ मिळाला असता.

हे सेटिंग काय करीत नाही हेही सांगणे अगत्याचे आहे. काही की-बोर्ड हाच ‘ऱ्य’ साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने लिहितात. डोळ्यांना तो सारखाच दिसतो. पण युनिकोड या लेखनास वरील दोहोंशी समान मानत नाही, आणि म्हणून हे सेटिंग येथे निरुपयोगी आहे. त्यावर उपाय एकच : संशोधकांच्या गटाने एक लेखनपद्धती ठरवून घेणे. मर्यादा सांगणारी नोंद वाचकाचे तास वाचविते.

८. नोंदीची अंगे

मराठी विश्वकोशाचे काम सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली उभे राहिले. त्यातील परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ साली निघाला आणि पहिला खंड १९७६ साली. आधी शब्द निश्चित करावे आणि मग नोंदी छापाव्या, हा क्रम आपल्यालाही मार्गदर्शक ठरावा. एका नोंदीत एक शब्द एकाच अर्थाने यावा, आणि सापेक्ष विशेषणाच्या जागी मोजता येण्याजोगे लक्षण यावे, हे दोन नियम पाळले तरी निम्मी संदिग्धता दूर होते.

आतापर्यंतच्या विवेचनावरून सेटिंगच्या नोंदीची सहा अंगे सांगता येतील. लक्षण : कोणता अनुभव आल्यास वाचकाने ही नोंद वाचावी. विधान : सेटिंग कशावर परिणाम करते. मूळ मूल्य : काहीच केले नाही तर काय होते. पर्याय : प्रत्येक मूल्याचा परिणाम स्वतंत्र वाक्यात. मर्यादा : सेटिंग कशाला हात लावीत नाही. उदाहरण : एक मधले व एक काठावरचे. या आराखड्यानुसार पहिली नोंद मराठीत पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

कोअर.कोटपाथ. फाइलींची नावे पडद्यावर तिरप्या रेघा व आकडे अशा रूपात दिसत असल्यास हे सेटिंग पाहावे. नावे कशी छापावी एवढेच ते ठरविते. फाइलीचे नाव किंवा तिच्यातील मजकूर त्यामुळे बदलत नाही. मूळ मूल्य ‘ट्रू’ आहे. ‘ट्रू’ असता आस्कीबाहेरचे एक जरी अक्षर नावात असले, तरी संपूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत येते, आणि १२८ किंवा त्याहून मोठा प्रत्येक बाइट तिरपी रेघ व तीन अष्टमान अंक यांनी दाखविला जातो. देवनागरी, कन्नड, अरबी व चिनी या लिप्यांतील अक्षरे आस्कीबाहेरची आहेत. ‘जत’ हे नाव \३४०\२४४\२३४\३४०\२४४\२४४ असे दिसते. दीर्घ वेलांटी \३४०\२४५\२०० अशी दिसते. ‘फॉल्स’ असता ही अक्षरे जशीच्या तशी छापली जातात. दुहेरी अवतरणचिन्ह, तिरपी रेघ आणि नियंत्रणचिन्हे यांस मात्र दोन्ही मूल्यांवर सांकेतिक रूपच मिळते. नावे दुसऱ्या प्रोग्रामाकडे पाठवावयाची असल्यास या सेटिंगवर विसंबू नये. ‘झेड’ पर्याय वापरावा.

ही नोंद इंग्रजी पाठाहून फार दीर्घ झालेली नाही. ‘असामान्य’ हा शब्द तीत नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. मूल्य बदलण्याची कमांड ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ अशी आहे. टंकलेखन करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहावी लागते.

९. एक शंका व समारोप

मूळ मूल्यच ‘फॉल्स’ करून टाकले तर नोंदीचा प्रश्न उरणार नाही, असे कोणी म्हणेल. परंतु मूळ मूल्यामागे विचार आहे. फाइलीचे नाव कोणत्या संकेतात लिहिले आहे हे गिटला ठाऊक नसते. त्याला केवळ बाइट दिसतात. ते जसेच्या तसे छापले तर जुन्या वा अन्य संकेताच्या पडद्यावर विपरीत चिन्हे उमटण्याचा संभव असतो, आणि त्या छापील मजकुरावर अवलंबून असणारे प्रोग्रामही अडखळू शकतात. सांकेतिक रूप कोणत्याही पडद्यावर सुरक्षित राहते. ही बाजू योग्य की अयोग्य, याचा निर्णय व्यवस्था चालविणाऱ्यांनी करावा. मूळ मूल्य कोणतेही असो, ते वाचकाला कळेल अशा शब्दांत सांगणे हे कर्तव्य शिल्लक राहतेच. किंबहुना मूळ मूल्य ज्या वाचकांच्या सोयीचे नाही, त्यांच्यासाठी तर ते अधिकच राहते.

गिटची मार्गदर्शिका प्रोग्रामच्या सोबतच ठेवलेली असते आणि तिच्यात दुरुस्ती सुचविण्याचा मार्ग कोणासही मोकळा आहे. २०१७ चे पुनर्लेखन हे अशा दुरुस्तीचेच उदाहरण होय. ‘१२८ पेक्षा मोठे’ याऐवजी ‘१२८ किंवा त्याहून मोठे’ असे करविणे ही दोन शब्दांची दुरुस्ती आहे. तिच्यासाठी प्रोग्राम लिहिता येण्याची गरज नाही, केवळ काळजीपूर्वक वाचता येण्याची आहे. पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांनी अर्थविचार आणि वाक्यविचार यांच्या अभ्यासात एखादी अशी नोंद घेऊन तिची सहा अंगे तपासावी, काठावरचे उदाहरण शोधावे आणि ती पुन्हा लिहून पाहावी, अशी आमची सूचना आहे. संदिग्धतेची उदाहरणे आपण पाठ्यपुस्तकांतून देतो, तेव्हा त्यांच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. येथे मात्र बिघडते.

प्रसंगातील विद्यार्थिनीने रोमन नावे टाकून दिली, जुनी स्थिती परत आणली आणि सेटिंगचे मूल्य बदलले. तिच्या पडद्यावर आता ‘माळ’ आणि ‘माल’ ही दोन नावे एकाखाली एक, स्वतंत्र दिसतात.